हाय-की कृष्णधवल पोर्ट्रेट: चेहरा खडूसारखा, केस राखाडी. एडिटिंगचा क्रम कसा ठेवावा?

खिडकीपाशी
खिडकीच्या उजेडातले पोर्ट्रेट हाय-की (म्हणजे जवळजवळ सगळं उजळ, सावल्या हलक्या) कृष्णधवल करताना ज्या अडचणी येतात, त्यांच्यासाठी हा धागा. नटांचे पोर्टफोलिओ, पुस्तकाच्या मलपृष्ठावरचा लेखकाचा फोटो, लग्नाच्या अल्बममधलं एखादं पान, सगळीकडे ही मागणी असते.

फाइल अशी: रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल), क्रॉप बॉडीवर (लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ५० एमएम, एफ २.८, आयएसओ ४००, शटर १/१२५. पावसाळी दिवस, उत्तरेची खिडकी, मागे पांढरी भिंत. सध्याचा क्रम: लाइटरूममध्ये सॅच्युरेशन उणे १००, एक्स्पोजर अधिक १.५, कॉन्ट्रास्ट अधिक ४०, व्हाइट्स अधिक ५०. निकाल: कपाळ आणि गाल खडू फासल्यासारखे, केस राखाडी, कान आणि खांद्याची कड भिंतीत विरघळलेली. कॉन्ट्रास्ट आणखी वाढवला तर डोळ्यांखाली कोळसा. नेमकं कुठलं पाऊल चुकतंय?

काळापांढरा
चारही. मनावर घेऊ नका, बहुतेक व्हिडिओंत हेच दाखवतात.

हाय-कीमध्ये उचलायच्या असतात त्या सावल्या. हायलाइट जवळजवळ आहेत तिथेच राहतात. एक्स्पोजरचा स्लायडर सगळ्यांनाच वर ढकलतो. खिडकीकडचा गाल आधीच ७५ टक्क्यांवर असेल तर दीड स्टॉपमध्ये (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) तो छताला टेकतो, आणि पलीकडचा गाल तेव्हा कुठे बरा दिसायला लागतो. मग कॉन्ट्रास्ट वाढवून तुम्ही त्या दोघांना पुन्हा लांब करता, म्हणजे जवळ आणायचं होतं त्याच्या नेमकं उलट.

क्रम असा लावून बघा. फोटो रंगीत असतानाच व्हाइट बॅलन्स नीट करा. शेवटी काळापांढराच करायचाय म्हणून हे सोडून देऊ नका, कारण पुढे कुठला भाग किती उजळणार हे रंगावरच ठरतं. मग व्ही दाबून कृष्णधवल करा. सॅच्युरेशनला हात नको. ब्लॅक अँड व्हाइट मिक्समध्ये (इथे मूळ रंगानुसार करडी छटा उजळ-गडद करता येते) ऑरेंज अधिक १५ ते २५, यलो त्याच्या आसपास, रेड अधिक ५ ते १०. एक्स्पोजर फार तर अधिक ०.३ ते ०.५. हायलाइट्स उणे ३० ते ५०, शॅडोज अधिक ४० ते ६०. व्हाइट्स ऑल्ट दाबून ओढा. चेहऱ्यावर पहिला ठिपका दिसला (म्हणजे तिथला तपशील उडायला लागला) की एक पाऊल मागे या. ब्लॅक्सही ऑल्ट दाबूनच खाली आणा, बुबुळ, पापण्या आणि केसांच्या दाट भागात ठिपके दिसेपर्यंत. बहुतेक वेळा उणे १० ते २० पुरतात. कॉन्ट्रास्ट शून्यावर ठेवा, ते काम टोन कर्व्हवर (छटांच्या वक्ररेषेवर) होऊ दे: २५ टक्क्यांचा बिंदू ३२ वर, ५० चा ५७ वर, ७५ चा ७९ वर, ९० चा तिथेच खिळवून. खालचं काळं टोक शून्यावरून हलवायचं नाही. केस राखाडी होतात ते तिथेच.

हिस्टोग्रामखाली (छटांच्या आलेखाखाली) टक्के दिसतात, ० म्हणजे काळं, १०० म्हणजे पांढरं. डोळ्यांवर विसंबू नका, कर्सर फिरवून आकडे वाचा. गोऱ्या किंवा गव्हाळ चेहऱ्याला: भिंत ९७-९८, कपाळाची चकाकी ९२ च्या आत, उजेडाकडचा गाल ७८ ते ८५, पलीकडचा त्याच्याहून १०-१५ ने कमी, बाहुली ३ ते ५. भिंत आणि गाल यांत निदान १० टक्क्यांचं अंतर राहिलं तर कड आपोआप दिसते.

ठाणेस्लो
रेड आणखी वाढवला तर मुरुमांचे डाग जातात, पण ओठही जातात. ऑरेंज वाढवून रेड तिथेच ठेवला तर गालावर नकाशा उमटतो. यात मध्य कसा गाठायचा?

काळापांढरा
नकाशा उमटतो कारण सलग त्वचेतसुद्धा थोडा भाग लालसर असतो, थोडा नारिंगी. एकाच स्लायडरला उचललं की दोघांमधली सरहद्द उघडी पडते. शेजारशेजारच्या दोन स्लायडरमध्ये ३०-४० पेक्षा जास्त फरक ठेवला की कडांवर कण (नॉइज) आणि पांढरी किनारही दिसू लागते. म्हणून रेड, ऑरेंज, यलो ही तिघं भावंडं म्हणून हलवा, थोडं मागेपुढे चालेल. ओठ वेगळे सांभाळा: मास्किंगमध्ये (फोटोचा ठरावीक भागच निवडायची सोय) पीपल निवडलं की त्वचा, ओठ, डोळ्यांचा पांढरा भाग, बुबुळ, केस असे वेगवेगळे मास्क मिळतात. ओठांवर एक्स्पोजर उणे ०.२५ ते ०.४ पुरेसं आहे. त्याहून जास्त केलं की लिपस्टिक लावल्यासारखं दिसतं.

पुरुषांच्या चेहऱ्याला रेड शून्यावर किंवा थोडा उणेही चालतो, दाढीचा पोत टिकतो. आणि ब्लू स्लायडरला उणे ६० वगैरे करू नका. त्वचेत निळं नसतंच, पण डोळ्यांखालच्या सावलीत थोडं असतं, आणि निळ्या चॅनेलमध्ये कणही सगळ्यात जास्त असतात.

पोर्टफोलिओवाला
इतकं कशाला बॉस? क्लायंटला गोरं दिसायचं असतं. ऑरेंज अधिक ६०, मोकळे व्हा.

सावळीसावली
मोकळे व्हाल, पण फोटो फुकट जाईल. आधी तांत्रिक बाजू. ऑरेंज ६० वर नेला की नाकाच्या बाजूचा उतार, गालाचं हाड, हनुवटीखालची वळणं, सगळं एकाच पातळीवर येतं. चेहरा पुठ्ठ्यातून कापल्यासारखा सपाट होतो. केसांच्या रेषेपाशी, जिथे नारिंगी त्वचा काळ्या केसांना भिडते, तिथे उजळ किनार येते. आणि ऑडिशनचा फोटो असेल तर आरामनगरात (मुंबईत ऑडिशन होतात तिथे) दारातून आत येणारा माणूस फोटोतल्यापेक्षा वेगळा निघतो. त्यात नुकसान कोणाचं, ते क्लायंटला विचारा.

आता मुद्दा. हाय-कीमध्ये 'की' असते ती पार्श्वभूमी, कपडे आणि सावल्या यांची. माणसाचा वर्ण त्यात येत नाही. सावळ्या चेहऱ्याचा हाय-की फोटो उत्तम होतो, किंबहुना गोऱ्यापेक्षा सोपा, कारण भिंत आणि चेहरा यांत अंतर मुळातच असतं. १८ टक्के ग्रे (मीटर धरतो तो मधला करडा) एसआरजीबीमध्ये, म्हणजे नेहमीच्या ० ते २५५ च्या मोजपट्टीवर, साधारण ११८ वर येतो, एक स्टॉप वर १६२, दोन स्टॉप वर २२१. सावळी त्वचा ग्रेच्या आगेमागे असते. तिला अर्धा-पाऊण स्टॉप वर नेऊन १४० ते १६० मध्ये, म्हणजे लाइटरूमच्या भाषेत ५५ ते ६३ टक्क्यांत ठेवा. काळापांढरा यांनी दिलेला ७८-८५ चा आकडा या चेहऱ्यावर लादायचा नाही, हे त्यांनी लिहिलंय पण वाचणारा विसरतो.

सावळ्या त्वचेचं सौंदर्य चकाकीत असतं. गालाच्या हाडावरची, नाकाच्या शेंड्यावरची, खांद्यावरची चमक ८५-९० पर्यंत जाऊ द्या. हायलाइट्सचा स्लायडर इथे उणे १०-१५ च्या पुढे नको, नाहीतर चमक मरते आणि त्वचा राखेसारखी दिसते. मेकअपवाल्याला आधीच सांगा, पावडरचा थर नको. फिकट पावडर कॅमेऱ्यात तशीही राखाडीच येते.

पोर्टफोलिओवाला
पावडरचं मान्य. ऑरेंज ३० वर आणतो, बाकी क्लायंटशी तुम्ही बोला.

बोराबाजार
एडिटिंगचं बोलणं चालू द्या, पण निम्मं काम फोटो काढतानाच होतं. खिडकीपाशींच्या फाइलमध्ये कड विरघळते त्यामागे उजेडही आहे.

मुंबईची खोली म्हणजे दहा बाय बारा धरा. माणूस भिंतीपासून पाच-सहा फूट पुढे, कॅमेरा त्याच्यापुढे पाच-सहा फुटांवर. क्रॉप बॉडीवर ५० एमएमने डोकं-खांदे व्यवस्थित मावतात. माणूस भिंतीला चिकटला की दोन त्रास: त्याची सावली भिंतीवर पडते, आणि भिंतीवरून उसळलेला उजेड कानाच्या मागून पुढे वळून कड खातो.

फ्लॅश वापरत असाल तर चेहऱ्यावर मीटर एफ ८ दाखवत असताना भिंतीवर एफ ९.५ ते ११ पुरे, म्हणजे अर्धा ते एक स्टॉप जास्त. पांढरी भिंत तेवढ्यात पांढरी होते. लोक दोन-अडीच स्टॉप देतात. मग लेन्समध्ये धुकं शिरतं, काळे केस राखाडी होतात आणि ते एडिटिंगमध्ये परत मिळत नाहीत. ब्लॅक्स ओढून काळे केले तरी त्यांतला पोत गेलेलाच असतो. समुद्राच्या हवेत लेन्सला बुरशी लागलेली असेल तर हेच धुकं अर्ध्या स्टॉपलाही येतं. टॉर्च लावून आतली काच तपासा. मुंबईच्या बोरा बाजारात लेन्स साफ करून मिळते, पण कोटिंग खाल्लं असेल तर उपयोग नाही.

खिडकीच्या उजेडात: काचेवर बटर पेपर किंवा धुतलेलं मांजरपाट, पलीकडच्या बाजूला दोन-तीन फुटांवर पांढरा सनबोर्ड. दोन्ही गालांत एका स्टॉपचाच फरक राहील इतका जवळ आणा. हे जमलं तर शॅडोज ६० ऐवजी २० वर भागतं आणि सावलीतले कण वर येत नाहीत. कड हवी असेल तर चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना, फ्रेमच्या जेमतेम बाहेर, काळ्या कापडाच्या उभ्या पट्ट्या टांगा. गालाच्या अगदी काठावर बारीक करडी रेघ येते. पेन्सिलने काढल्यासारखी.

खिडकीपाशी
सनबोर्ड नव्हता. पलीकडची भिंत पिस्ता रंगाची आहे. त्याचा काही संबंध?

बोराबाजार
आहे की! जुन्या इमारतींत पिस्ता नाहीतर आकाशी डिस्टेंपर असतोच, आणि पावसाळ्यात खिडकीबाहेर निळी ताडपत्री. पिस्ता भिंतीवरून आलेला उजेड सावलीतल्या गालाला हिरवट-पिवळा करतो. म्हणजे एकाच चेहऱ्याचा एक गाल ऑरेंज स्लायडरच्या ताब्यात, दुसरा यलो-ग्रीनच्या. तुम्ही ऑरेंज उचललात, एकच गाल वर गेला. कॉन्ट्रास्ट तुम्ही वाढवण्याआधीच वाढलेला होता.

फाइल दुरुस्त करायची असेल तर रंगीत असतानाच सावलीच्या बाजूला ब्रशने मास्क करा आणि टिंट मॅजेंटाकडे १० ते १५ सरकवा. दोन्ही गालांचा रंग जुळला की मगच कृष्णधवल. ताडपत्रीचा निळा असेल तर टेंपरेचर वाढवून तसंच.

आणि घरातले स्वस्त एलईडी बंद ठेवा. ५० हर्ट्झच्या विजेवर ते आणि ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/१०० पेक्षा वेगवान शटरला भिंतीवर आडवे पट्टे येऊ शकतात, आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवर ते लपत नाहीत.

कर्व्हकरी
फोटोशॉपवाल्यांसाठी सावल्या उजळण्याची पद्धत, जी लाइटरूमच्या शॅडोजपेक्षा स्वच्छ उतरते.

फाइल १६ बिटमध्येच उघडा. ८ बिटमध्ये एकूण पायऱ्या २५६, आणि हाय-कीमध्ये सगळा चेहरा त्यातल्या वरच्या शंभरेक पायऱ्यांत कोंबायचा असतो. कपाळाच्या उतारावर पट्टे पडणारच. ब्लॅक अँड व्हाइट ॲडजस्टमेंट लेयर टाका (मूळ आकडे रेड ४०, यलो ६० असतात, रेड ५०-५५, यलो ७० पासून सुरुवात करा). मग कंट्रोल-ऑल्ट-२ दाबा, उजळ भागांचं सिलेक्शन होईल. कंट्रोल-शिफ्ट-आय ने उलटवा. आता सिलेक्शन सावल्यांचं आहे. त्यावर कर्व्हज लेयर घ्या, मोड स्क्रीन, अपारदर्शकता ३० ते ४० टक्के. मास्कला ब्लर द्या, २४ मेगापिक्सेल फाइलला २० ते ३० पिक्सेल, नाहीतर पोत चपटा होतो. शेवटी त्याच मास्कवर काळ्या ब्रशने ५०-६० टक्क्यांवर केस, भुवया, पापण्या आणि बुबुळं रंगवा. ती सावली नव्हे, त्यांना उचलायचं नाही.

उरलेलं डॉज-बर्नने (ब्रशने हव्या त्या जागा उजळ किंवा गडद करून). ५० टक्के ग्रे भरलेला लेयर, मोड सॉफ्ट लाइट, ब्रशचा फ्लो २ ते ४. डोळ्यांखाली पांढऱ्या रंगाने हळूहळू, पण तिथली रेघ पुसायची नाही, निम्मी करायची. डोळ्यांचा पांढरा भाग ८० च्या वर नको. तो गालाहून पांढरा झाला की माणूस दचकल्यासारखा दिसतो.

ग्रेन (फिल्मसारखे दाणे) लावणार असाल तर लक्षात ठेवा: पूर्ण पांढऱ्यावर ग्रेन उमटत नाही. भिंत १०० टक्के आणि चेहऱ्यावर ग्रेन असं झालं की माणूस कात्रीने कापून चिकटवल्यासारखा दिसतो. भिंत ९६-९७ वर ठेवा म्हणजे तीही थोडी दाणेदार होते.

विरारफास्ट
लाइटरूम-फोटोशॉपचे पैसे नसतील तर? आणि फोनवर?

काळापांढरा
डार्कटेबलमध्ये कलर कॅलिब्रेशन मॉड्यूलमधला ग्रे टॅब, गिंपमध्ये कलर्स, डीसॅच्युरेट, मोनो मिक्सर. लाल ०.५, हिरवा ०.४, निळा ०.१ यावरून सुरू करा. बेरीज १ राहिली की एकूण उजेड हलत नाही. स्नॅपसीडमध्ये ब्लॅक अँड व्हाइटखाली रंगाचा फिल्टर निवडता येतो, नारिंगी किंवा पिवळा घ्या. लाल घेतला की ओठ गेले. त्यानंतर कर्व्हज. सिलेक्टिव्हने डोळे आणि केस खाली. फोनने जेपेगच काढलं असेल तर जो गाल २५५ ला टेकलाय तो परत येत नाही, म्हणून काढतानाच चेहऱ्यावर बोट ठेवून उजेड थोडा कमी करा.

छापखाना
प्रिंटला जाणाऱ्यांनी एवढं करा. मॉनिटरची ब्राइटनेस १०० कॅंडेला प्रति चौरस मीटरच्या आसपास आणा. मीटर नसेल तर स्क्रीनवर कोरं पान उघडा आणि शेजारी उजेडात कोरा कागद धरा. स्क्रीन दिव्यासारखी दिसत असेल तर ती फार उजळ आहे. मग प्रिंट काळी आली म्हणून लॅबवर ओरडायला नको.

८ × १२ इंचासाठी २४०० × ३६०० पिक्सेल, १२ × १८ साठी ३६०० × ५४००. लॅबला ग्रेस्केल फाइल देऊ नका, एसआरजीबी जेपेग द्या. कृष्णधवल प्रिंटसुद्धा बहुतेक लॅब रंगीत कागदावरच काढतात, त्यामुळे करड्या छटांत कधी हिरवट, कधी जांभळट झाक येते. कलर ग्रेडिंगमध्ये ह्यू ४०, सॅच्युरेशन ३ ते ५ इतकी उबदार छटा स्वतःच दिलीत तर ही झाक डोळ्यांत भरत नाही. आधी ४ × ६ ची एक प्रिंट काढून बघा.

पार्श्वभूमी शुद्ध पांढरी असेल आणि अल्बमचं पानही पांढरं, तर फोटो कुठे संपतो ते कळत नाही. २-३ पिक्सेलची फिकट करडी चौकट द्या. इंकजेटवर ग्लॉसी कागद असेल तर १०० टक्के पांढऱ्या जागी शाईच पडत नाही आणि तिरकं धरलं की तो भाग वेगळा चमकतो. त्यालाही उपाय तोच, ९७-९८. वर्तमानपत्रासाठी फाइल वेगळी करा: त्या कागदावर ठिपका पसरतो, सगळं गडद होतं, म्हणून मधल्या छटा आणखी ८-१० टक्के वर.

ठाणेस्लो
लग्नाच्या फोटोंचं कोणी बोलेल का? नवरीच्या फोटोत कुंकू गायब झालं आणि पिवळी साडी चादरीसारखी कोरी आली.

सावळीसावली
मराठी लग्नाचा रंगसंच हाय-कीला अवघडच. एकेक घ्या.

कुंकू आणि लाल टिकली रेड स्लायडरवर चालतात. रेड अधिक २० केला की टिकली त्वचेच्याच करड्यात बुडते. जुन्या फोटोंत कुंकू काळंभोर दिसतं ते ऑर्थोक्रोमॅटिक प्लेट-फिल्ममुळे, तिला लाल दिसायचंच नाही. आपल्याला मास्क लावावा लागतो: टिकलीवर छोटा ब्रश, एक्स्पोजर उणे १. कपाळावरचं कुंकू हा सगळ्या पांढऱ्यात एक गडद बिंदू म्हणून फार कामाचा असतो, तो घालवू नका. मंगळसूत्राचे काळे मणीही तसेच. शॅडोज उचलताना ते राखाडी होतात, तिथे मास्कमधून वगळा.

पिवळी साडी मुळातच उजळ. तिच्यासाठी यलो उणे १५ ते २५ हवा, पण चेहऱ्यालाही यलो लागतो, त्यामुळे पूर्ण फोटोवर करू नका. चेहऱ्याच्या हिशेबाने मिक्स लावा आणि साडीला वेगळा मास्क, हायलाइट्स उणे ६०, टेक्स्चर अधिक २०. जरीकाम उडालं तर ते जरीकाम राहत नाही, नुसते पांढरे पट्टे. हळदीच्या दिवशीच्या फोटोत चेहराच पिवळा असतो, तिथे ऑरेंज शून्य आणि यलो फार तर ५.

हिरवा चुडा ग्रीन आणि ॲक्वावर चालतो. ग्रीन उणे २० ते ३० करा, बांगड्या गडद होतात आणि हातांना वजन येतं. त्वचेवर परिणाम नाही, अर्थात पिस्ता भिंत शेजारी नसेल तर! गजरा केसांवर आहे तोवर प्रश्न नाही. खांद्यावरून पुढे, पांढऱ्या भिंतीसमोर आला की हरवतो. मुंडावळ्यांचे मोतीही गालावर फिकट पडतात, त्यांच्या सावल्यांना बर्नने जरा दाबा.

विरारफास्ट
आणि आजोबांची गांधी टोपी? पांढरी टोपी, पांढरा सदरा, पांढरी भिंत. पांढरे केसही.

बोराबाजार
तिथे भिंत मागे घ्यायची. भिंत ९० टक्क्यांवर आणा, टोपी ९५-९६ वर राहू दे. भिंत शुद्ध पांढरी नसली तरी टोपी तिच्याहून उजळ आहे म्हणून फोटो हाय-कीच वाचला जातो. टोपीची घडी आणि शिवण दिसली पाहिजे, तिथे क्लॅरिटी अधिक १५, फक्त टोपीवर. काळ्या पट्ट्या मी वर सांगितल्या तशाच, पण एक वरूनही टांगा, कॅमेऱ्यात न येईल इतकी उंच. टोपीच्या वरच्या कडेला रेघ तिच्यामुळेच येते. आणि इस्त्री कडक हवी, चुरगळलेली टोपी कुठल्याच स्लायडरने सरळ होत नाही.